सर्वांना सारखे, की प्रत्येकाला त्याचे?

दहावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामात दोन प्रकारची घरे दिसतात. काही घरांतून पेढ्यांचे बॉक्स बाहेर पडतात. काही घरांचे दार दोन दिवस अर्धवट लोटलेले असते. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण सगळेच एकमेकांना एकच प्रश्न विचारतो, "किती टक्के?" ज्याला उत्तर देणे जड जाते, तो त्या रविवारी मागच्या दाराने निघून जातो.

आम्ही तिघे गेली काही वर्षे चर्चच्या सभागृहात संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेत आहोत. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहे, एक बँकेत नोकरी करणारा आहे आणि एक कॉलेजात शिकणारी मुलगी आहे. या वर्गात एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. त्या दिवशी आम्हाला त्याचे उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी सहावीतला एक मुलगा आमच्या वर्गात येऊ लागला. वडिलांची फुलांची वाडी. पहाटेच्या गाडीने ते मोगरा घेऊन दादरला जात. मुलगा बोलायला चुणचुणीत. किती शेकडा कळ्या, काय भाव, गाडीभाडे वजा जाता हातात किती, हा हिशेब तो तोंडी करी. विहिरीवरची मोटार बंद पडली तर ती खोलून बसे. पण पुस्तक हातात दिले की त्याचा चेहरा उतरत असे. 'घर' आणि 'धर' त्याला एकच वाटे. काना, मात्रा, वेलांटी यांची जागा चुके. फळ्यावरची पाच वाक्ये उतरवायला त्याला अर्धा तास लागे आणि तोवर बाकीची मुले गणिताकडे वळलेली असत.

आम्ही काय केले? चुकलेला प्रत्येक शब्द त्याला दहा-दहा वेळा लिहायला लावला. त्याने 'धर' हेच दहा वेळा लिहून आणले. आम्ही त्याला मागच्या बाकावर बसवले. त्याच्या आईला बोलावून सांगितले, "डोके चांगले आहे, पण आळशी आहे. घरी जरा कडक राहा." ती माउली खाली मान घालून म्हणाली, "टीचर, मी रोज मारते हो त्याला. आणखी काय करू?" आमचे ते वाक्य आणि तिचे हे उत्तर आजही आमच्या मनाला टोचते. त्या माराला आमचाही हात लागलेला होता.

पुढे कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने मुलाला मुंबईच्या सरकारी रुग्णालयात नेले. अनेक खेपा झाल्या, चाचण्या झाल्या. डोळे तपासले, कान तपासले, बुद्धी तपासली. बुद्धी उत्तम निघाली. त्याला अध्ययन अक्षमता होती, ज्यातील वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. बोललेला आवाज आणि लिहिलेले अक्षर यांची सांगड घालायला अशा मुलाच्या मेंदूला जास्त कष्ट पडतात. त्यात आळसाचा भाग नसतो आणि मार हे त्यावरचे औषध नव्हे. आमिर खान यांचा 'तारे जमीन पर' हा चित्रपट २००७ साली आला तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जण तो पाहून रडले असतील. आम्हीही रडलो होतो. पण पडद्यावरचा ईशान ओळखणारे आम्ही, बाकावरचा ईशान मात्र ओळखू शकलो नाही.

महाराष्ट्र शासनाने अशा मुलांसाठी १९९६ सालीच परीक्षेत सवलती देऊ केल्या होत्या. अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्यात सातच प्रकार होते. त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६च्या नव्या कायद्याने एकवीस प्रकार मानले आणि त्यांत तिचा समावेश झाला. त्यामुळे हा मुलगा दहावीला गेला तेव्हा त्याला परीक्षेत जादा वेळ मिळाला. ही बातमी अभ्यासवर्गात पोहोचली आणि दुसऱ्या एका मुलीची आई आमच्याकडे आली. तिने विचारले, "माझी मुलगी रात्री अकरापर्यंत जागते. घरचे पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, मग अभ्यासाला बसते. तिला कोण देतो जादा वेळ? एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, याला न्याय म्हणतात का?"

प्रिय वाचकहो, या बाईंना मत्सरी म्हणून बाजूला सारणे सोपे होते. पण त्यांचा प्रश्न खरा आहे. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ, उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त क्रमांक, ही पद्धत गरिबांच्या बाजूची आहे. तपासणाऱ्याला कळत नाही की हा बागायतदाराचा मुलगा की मजुराचा. ज्यांनी पूर्वी वर्गात माणूस बघून दिली जाणारी वागणूक अनुभवली आहे, त्यांना 'सर्वांना सारखे' या दोन शब्दांची किंमत ठाऊक आहे. नियमाला अपवाद केला की ओळखीपाळखीला दार उघडते, ही भीतीही खोटी नाही.

तरीही थोडे थांबून विचार करू. मिस्साच्या वेळी आपण सारे गुडघे टेकतो. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या आजी मात्र बाकावर बसून राहतात. त्यांना सवलत दिली असे कुणाच्या मनातही येत नाही. कारण तिथे आपण प्रार्थनेला आलो आहोत, गुडघ्यांची परीक्षा द्यायला नव्हे, हे आपल्याला ठाऊक असते. तसाच प्रश्न परीक्षेबद्दल विचारायला हवा. भूगोलाचा पेपर काय मोजतो? मुलाला भूगोल किती कळला हे, की तो किती भरभर वाचतो हे? भूगोल मोजायचा असेल तर वाचनाचा वेग मध्ये येता कामा नये. घड्याळ सर्वांना सारखे दिसते खरे, पण ज्याचा अर्धा वेळ प्रश्न वाचण्यातच जातो, त्याच्या हातात उत्तरासाठी उरलेला वेळ सारखा नसतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. आजी बाकावर बसल्याने कुणाची जागा जात नाही. प्रवेशाच्या जागा मात्र मोजक्याच असतात. तिथे एकाचे गुण वाढले तर दुसऱ्याचा क्रमांक खाली जाऊ शकतो. म्हणूनच अशी मदत खऱ्या गरजेपुरती आणि नीट तपासणी करूनच दिली पाहिजे. खोटा दाखला मिळवणारा पालक त्या मुलीचेही नुकसान करतो आणि खऱ्या गरजवंतावरचा लोकांचा विश्वासही घालवतो. पण यातून आणखी एक प्रश्न निघतो. शाळा ही मुळात शर्यत आहे का?

जॉन कॅरोल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली एक साधा विचार मांडला. एखाद्या विषयातली मुलाची कुवत म्हणजे काय? तो विषय शिकायला त्याला लागणारा वेळ. एकाला अपूर्णांक दोन दिवसांत कळतात, दुसऱ्याला आठ दिवसांत. आपल्या शाळा वेळ सर्वांना सारखा ठेवतात. मग साहजिकच शिकणे कमीजास्त होते. दोन दिवसांनी धडा संपतो आणि आठ दिवसवाल्याला आपण 'ढ' म्हणतो. सहा दिवस आणखी मिळाले असते तर तो शिकला असता, हे कुणी पाहतच नाही.

वाडीत राबणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पालेभाजी महिन्यात काढणीला येते, केळीला वर्ष लागते, नारळाला कितीतरी वर्षे. कोणताही शेतकरी नारळाच्या रोपाला मेथीच्या वेळापत्रकात बसवत नाही आणि मेथीलाही नारळाइतके थांबायला लावत नाही. वाडीत आपल्याजवळ असलेले हे शहाणपण वर्गात शिरताना आपण दाराबाहेर ठेवतो.

शिकण्यातला प्रत्येक फरक मेंदूतलाच असतो असेही नाही. आपल्याकडे कितीतरी मुले घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतात, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतात आणि शाळेत इंग्रजीतून विज्ञान शिकतात. पहिलीतले मूल गप्प बसते ते त्याला उत्तर येत नाही म्हणून, की ज्या भाषेत उत्तर येते ती शाळेची नाही म्हणून? कुणाला नीट ऐकू येत नाही. कुणी उपाशी येतो. कुणाच्या घरी रात्री भांडण असते. वर्गात हे सारे एकाच रूपात दिसते. मूल मागे पडते आणि आपण त्या सर्वांना एकच शब्द लावून मोकळे होतो.

शाळेने यावर काय करावे याचे एक उत्तर आपल्याच पालघर जिल्ह्यात मिळते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, आली तरी टिकत नाहीत, हे त्यांनी पाहिले. त्यांना आळशी न म्हणता त्यांनी कारण शोधले. मुले गुरे राखायला जात होती, धाकट्या भावंडांना सांभाळत होती. मग शाळाच कुरणावर गेली. तिचे नाव कुरणशाळा. मुले शाळेच्या अंगणात येत नाहीत, तर बालवाडी पाड्याच्या अंगणात नेली. तिचे नाव अंगणवाडी. धाकट्या भावंडासाठी पाळणाघर, त्यापुढे बालवाडी, त्यापुढे प्राथमिक शाळा असे सारे एकाच आवारात आणले. तिला विकासवाडी म्हटले. त्या मुलांपैकी कुणाकडेही वैद्यकीय दाखला नव्हता. बदलायचे होते ते शाळेने, आणि ती बदलली.

दुसरे उदाहरण मुंबईच्या महापालिका शाळांचे. तिथे 'प्रथम' या संस्थेने 'बालसखी' नावाचा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतली जी मुले मागे पडली आहेत त्यांना दिवसातले सुमारे दोन तास वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी वेगळे घेऊन बसे आणि त्यांना जिथपर्यंत येते तिथून पुढे शिकवी. मुंबई आणि वडोदऱ्यात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची काटेकोर तपासणी केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. याच दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महागडी यंत्रे लागली नाहीत. मूल कोणत्या इयत्तेत बसले आहे हे न विचारता त्याला काय येते हे विचारले, एवढेच.

इथे कुणी शिक्षक वाचत असतील तर त्यांच्या मनात राग उठला असेल. "साठ मुले वर्गात, वर निवडणुकीची कामे, अहवाल, आणि आता प्रत्येकाला वेगळे शिकवायचे?" हा राग रास्त आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत तीस मुलांमागे आणि सहावी ते आठवीपर्यंत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. वर्ग भरगच्च ठेवून शिक्षकाकडून प्रत्येक मुलाकडे लक्ष देण्याची अपेक्षा करणे हासुद्धा अन्यायच आहे. तो प्रश्न शाळा चालवणाऱ्यांना आणि शासनाला विचारला पाहिजे. आम्हाला मात्र ही सबब नव्हती. आमच्यापुढे फक्त बावीस मुले होती.

फरक ओळखण्याच्या नादात दुसऱ्या टोकाला जाण्याचाही धोका आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली बुद्धिमापनाची पहिली चाचणी तयार केली ती कोणत्या मुलांना जादा मदत हवी हे कळावे म्हणून. बुद्धी ही कायमची ठरलेली वस्तू आहे, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी स्वतः विरोध केला होता. पण पुढे इतरांनी त्याच आकड्याची मोहर मुलांच्या कपाळावर उमटवली. आज आपण म्हणतो, "आमचा मुलगा पाहून शिकणारा आहे, त्याला वाचायला देऊ नका," किंवा "आमची मुलगी ऐकून शिकणारी आहे." मुलांच्या आवडी वेगवेगळ्या असतात हे खरे. पण अशा शैलीनुसार शिकवल्याने मुले जास्त शिकतात का, हे हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तपासले तेव्हा त्यांना पुरेसा पुरावा मिळाला नाही. मदतीसाठी दिलेले नाव मुलाचे कुंपण होऊ नये. ज्याला वाचणे जड जाते त्याला वाचनातून सोडवायचे नाही. त्याला वाचायला शिकवण्यासाठी जास्त वेळ आणि अधिक सोप्या पायऱ्या द्यायच्या आहेत. गणित टाळायची सवलत घाईने घेतली तर पुढच्या कितीतरी वाटा चौदाव्या वर्षीच बंद होऊ शकतात, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

आपल्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हियानी यांची गोष्ट आपण अनेकदा ऐकतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांचे बालपणीचे शिक्षण राहून गेले. मोठेपणी लॅटिन काही केल्या येईना. सेमिनरीतले व्याख्यान त्यांना कळत नसे आणि त्यांना तिथून घरी पाठवण्यात आले. बॅले नावाच्या धर्मगुरूंनी त्यांना जवळ ठेवले, त्यांना कळेल अशा फ्रेंच भाषेत शिकवले आणि त्यांच्यासाठी वरिष्ठांकडे शब्द टाकला. १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे आर्स या लहानशा गावी त्यांच्याकडे प्रायश्चित्त संस्कारासाठी दूरदूरहून लोकांची रीघ लागली. आपण नेहमी व्हियानींचे कौतुक करतो. आम्हाला आता फादर बॅले यांची आठवण जास्त येते. ते नसते तर सेमिनरीने एक नापास विद्यार्थी घरी पाठवला, एवढीच त्या गोष्टीची नोंद राहिली असती.

त्या आईच्या प्रश्नावर विचार करताना आम्ही द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्याकडे वळलो. संध्याकाळी आलेल्यांनाही पूर्ण रोजगार मिळाला म्हणून सकाळपासून राबलेले कुरकुरले. मालकाने त्यांच्या ठरलेल्या मजुरीतून काही कापले नव्हते. पण आम्हाला या वेळी दुसरीच गोष्ट जाणवली. उशिरा आलेले लोक रिकामे का उभे होते? ते आळशी नव्हते. त्यांना कुणी कामावर लावलेच नव्हते. आमच्या मागच्या बाकावरचा मुलगाही असाच उभा होता.

शेवटी आम्ही त्या मुलीशी बोललो, तिच्या आईच्या समोरच. इतकी वर्षे ती आमच्याकडे येत होती, पण तिला काय हवे हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. ती हुशार, म्हणून तिची आम्हाला काळजी नव्हती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "टीचर, मला पहिल्यांदाच समजते. मग तेच तेच ऐकत बसावे लागते. आणि घरी गेले की काम असते. इथे मला माझे माझे वाचत बसायला मिळाले तर?" तिची आई तिच्याकडे बघतच राहिली.

तेव्हा आम्हाला उत्तर सापडले. त्या आईचे म्हणणे अर्धे बरोबर होते. तिच्या मुलीवर अन्याय होत होता. पण तो त्या मुलाच्या जादा वेळामुळे होत नव्हता. दोघांनाही एकाच मापाने मोजून आम्हीच तो केला होता. एकाला वेळ कमी पडत होता, दुसरीचा वेळ वाया जात होता. 'सर्वांना सारखे' म्हणत आम्ही त्या दोघांकडेही पाहिले नव्हते. न्याय म्हणजे सर्वांकडे सारख्याच आपुलकीने पाहणे आणि मग ज्याला जे हवे ते देणे. आपुलकी सारखी हवी, माप सारखे असायलाच हवे असे नाही.

आता आमच्या वर्गात शब्द दहा वेळा लिहायला लावत नाही. प्रश्न आधी मोठ्याने वाचून दाखवतो. ज्याला तोंडी उत्तर द्यायचे आहे तो तोंडी देतो आणि मग सावकाश लिहितो. एका कोपऱ्यात टेबल आणि दिवा आहे, तिथे ज्याला पुढे वाचायचे आहे तो शांतपणे वाचतो. सारेच सुरळीत चालते असे नाही. अजूनही आमचा आवाज चढतो, अजूनही घाई होते. तो मुलगा दहावी पास झाला आणि आयटीआयमध्ये वायरमनचे काम शिकला. सभागृहातले पंखे आता तोच दुरुस्त करतो. मात्र अजूनही कुणासमोर वाचायची वेळ आली की तो कागद शेजारच्याकडे सरकवतो. त्या सवयीतला आमचा वाटा आम्ही पुसू शकत नाही.

बंधुभगिनींनो, पुढचा निकाल लागेल तेव्हा चर्चच्या आवारात मुलांना "किती टक्के?" असे विचारण्याआधी आपण थोडे थांबू या. त्याऐवजी विचारू या, "यंदा तुला काय नवीन जमले? आणि काय जड गेले?" आपले मूल वारंवार त्याच ठिकाणी अडखळत असेल तर मार देण्याआधी त्याच्या शिक्षकांना भेटू या, डोळे-कान तपासून घेऊ या, गरज वाटली तर सरकारी रुग्णालयाची वाट धरू या. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आणि शेजारच्या मुलाला काही मदत मिळालेली दिसली तर त्याच्यावर रागावण्याआधी आपल्या मुलाजवळ बसून त्यालाही एकदा विचारू या, "बाळा, तुला काय हवे?"